रेशनचा तांदूळ की घरची नागली (नाचणी)?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात पोटाचा हिशेब मांडला तर रेशन सरस. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य हक्काने मिळतं. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की तोच आधार.

पण १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. आणि वारली माणसासाठी पिकवलेलं धान्य म्हणजे कणसरी देवी; दुकानातल्या पोत्याशी ते नातं जुळत नाही. तव्यावर फुगणारी काळपट भाकर मागे पडली ती कष्टांमुळे: राब भाजा (रोपांसाठीची जमीन पाला-काटक्या जाळून भाजा), रोपं लावा, कणसं झोडपा. यातलं बरंचसं बायांच्या अंगावर. म्हणून ‘पारंपरिक खा’ एवढाच उपदेश मला पटत नाही. कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे. रेशनवर स्थानिक नागलीच मिळायला हवी.