विश्रामबागेतल्या वकिलांचा सर्च रिपोर्ट: पैसे वसूल, फोन मात्र लागत नाही

चार स्टार. पाचवा कापलाय तो फोनसाठी, कामात काही खोट नाही.

आमचं मिरजेत मेडिकल आहे. दुकानातून शिल्लक पडेल ती मी आणि धाकटे भाऊजी मिळून प्लॉटमध्ये घालतो. घ्यायचा, चार-पाच वर्षं ठेवायचा, विकायचा. या वेळी कुपवाडच्या बाजूला बिगरशेती प्लॉट बघितला होता. भाव आजूबाजूपेक्षा कमी आणि मालक भलतेच घाईत. असा योग जुळून आला की मी आधी वकील गाठते आणि सर्च रिपोर्ट काढून घेते, म्हणजे जुन्या नोंदी शोधून मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल. वकिलांना जाहिरात चालत नाही, म्हणून यांचं नाव लिहीत नाही. सांगलीत विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर बसतात, एवढं पुरे.

फी 4,500, सरकारी सर्च फी वेगळी, शोध 30 वर्षांचा. याच्या निम्म्या पैशात सर्च करून देणारे सांगलीत आहेत, पण त्यातले काही सातबारा आणि चार ओळींचं पत्र हातात ठेवतात.

सातबाऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीचा जुना बोजा होता, त्यावर आडवी रेघ. मालक म्हणाले, "बघा की वहिनी, कवाच फिटलंय!" वकिलांनी मात्र ती रेघ ज्या फेरफाराने पडली तो फेरफार मागवला. सोसायटीचा दाखला, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, सगळं जागच्या जागी निघालं. एवढं खोलात का, तर सहकार कायद्याच्या कलम 48 प्रमाणे सभासद कर्ज उचलताना जमिनीवर बोजा चढवून देतो आणि तो डोक्यावर असताना परस्पर विक्री केली तर ती विक्रीच रद्दबातल. आपल्याकडे एकेकाळी ऊस असलेल्या कितीतरी जमिनींचे आता प्लॉट पडलेत, तेव्हा हे बघायलाच हवं.

खरी भानगड निघाली ती सब-रजिस्ट्रारकडच्या नोंदीत. ऑफिसातल्या ज्युनिअर मुलीला एक नोटीस सापडली. मालकांनी मूळ खरेदीखत एका सहकारी बँकेत ठेवून धंद्यासाठी कर्ज उचललं होतं. या प्रकारात वेगळं गहाणखत करावंच लागत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मूळ कागद कर्जापोटी ताब्यात देणं हेसुद्धा गहाणच धरलंय. ते सातबाऱ्यावर आपोआप चढत नाही, त्यामुळे सातबारा कोरा दिसतो आणि मालकही छातीठोकपणे सांगतो. महाराष्ट्रात 2013 पासून अशा कर्जाची नोटीस 30 दिवसांत सब-रजिस्ट्रारकडे द्यावी लागते, म्हणून ही सापडली. त्याआधीच्या कर्जांचा असा माग मिळेलच असं नाही. म्हणून वकील मूळ खरेदीखत बघितल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाहीत.

मालकांनी आणलं ते रंगीत झेरॉक्स. चांगलं काढलेलं होतं, मला तरी फरक कळला नसता. वकिलांनी पान उलटं केलं, शिक्क्याच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला, खिडकीकडे धरलं आणि काही न बोलता परत दिलं. मालक काका म्हणाले, "मूळ घरी कपाटात हाय." वकील म्हणाले, "मग उद्या आणा." दुसऱ्या दिवशी काका आले ते बँकेचं कर्ज कबूल करायलाच.

यापुढचं काम मला जास्त आवडलं. कर्ज निघालं म्हणून व्यवहार मोडा, असं वकील म्हणाले नाहीत. गहाण प्लॉटला चिकटलेलं असतं. प्लॉट आमच्या नावावर झाला आणि पैसे घेऊन काका निघून गेले, तरी बँक येणार ती प्लॉटवरच. कर्ज थकलं तर 2002 च्या सरफेसी कायद्याने बँक 60 दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता ताब्याच्या मागे लागू शकते. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, बिगरशेतीला लागतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये पक्कं केलं, तेही आपल्या शेजारच्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात.

मग त्यांनी इसारपत्रातच अटी घातल्या. बँकेकडून येणेबाकीचं पत्र आणायचं, तेवढ्या रकमेचा डीडी थेट बँकेच्या नावाने कर्जखात्यावर भरायचा, उरलेले पैसे काकांना, आणि मूळ कागद हातात आल्याशिवाय खरेदीखतावर सह्या नाहीत. सेरसाईवर, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय ऑनलाइन नोंदवहीत, बँकेची नोंद असेल तर तीही उतरवून घ्यायची. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. आम्हाला त्याची गरज पडली नाही. मात्र पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. कर्ज पतसंस्थेचं असेल तर कागदाची अट आपणच घालून घ्यायची.

महापालिकेच्या थकीत करालाही कायद्याने मालमत्तेवर पहिला बोजा धरलाय. त्याची पावती काकांकडूनच भरून घेतली. रक्कम किरकोळ, पण भाऊजींनी विचारलंही नसतं!

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, मेसेज वाचतात आणि गप्प बसतात. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत. सातबारा मराठी, फेरफार मराठी, गिऱ्हाईक मिरजेचं, मग निष्कर्षाचं एक पान मराठीत द्यायला काय हरकत आहे? सेरसाईचा शोध मागितल्याशिवाय करत नाहीत आणि त्याचे पैसे वेगळे लावतात. हे आधी सांगायला हवं होतं.

तरी बँकेच्या भरवशावर राहण्यापेक्षा हे बरं. मागच्या प्लॉटला कर्ज काढलं तेव्हा बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाची फी आमच्याच खात्यातून गेली आणि रिपोर्टची प्रत बँकेच्या फाइलीत राहिली. त्याने बघितलं ते बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाहीत एवढंच. हे वकील आपले.

दिवसा कोर्टात असतात, संध्याकाळी सहानंतर जा. गाडी लावायला जागा नाही. आणि समजून घ्यायचं असेल तर त्या ज्युनिअर मुलीजवळ बसा, साहेबांपेक्षा ती नीट सांगते.