वाशीच्या बोर्डगेम कॅफेत नवशिक्यांसाठी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. इथे खेळ चालवणारा तयारीचा, टेबलंही ऐसपैस. खटकतात ती हातात मिळणारी तयार पात्रं: एल्फ (टोकदार कानांचा काल्पनिक वंश) म्हणजे देखणा तिरंदाज, ड्वार्फ (बुटक्यांचा वंश) म्हणजे दाढी आणि कुऱ्हाड. पात्रांची माहिती असलेली ही पानं २०१४ च्या नियमांची आहेत. त्यांत एल्फला चपळाईचे आणि ड्वार्फला काटकपणाचे २ गुण जन्मजात मिळतात, शिवाय ड्वार्फचा दर पाळीचा वेग ३० ऐवजी २५ फूट. जादूगाराला मात्र लागते बुद्धी; साहजिकच ड्वार्फ जादूगार घ्यायला कुणी धजत नाही, आणि एक फार मजेदार पात्र हुकतं. २०२४ च्या नियमांत हे गुण पात्राच्या पूर्वायुष्यावरून ठरतात, वेगही सारखा झाला आहे. बुकिंग करतानाच नवी पानं मागा.

ट्रोल हा राक्षस मात्र इथे झकास रंगवतात. नुसता मठ्ठ, धिप्पाड नाही. घायाळ झाला की मागे सरकतो, कारण जुन्या नियमांत दर पाळीला त्याचे १० प्राणगुण (जीव किती उरला ते मोजणारे गुण) भरून येतात. नवखे तलवारच चालवत बसतात आणि लढाई रेंगाळते. आग किंवा आम्ल लागलं की पुढच्या पाळीची भरपाई थांबते. पेटत्या मशालीचा १ गुणही पुरतो. चौघांत एकाच्या सामानात तरी मशाल हवीच.