शिलाई प्रशिक्षणाच्या नावाखाली आमच्या गावात झालेली फसवणूक

सांगली जिल्ह्याच्या कवठेमहांकाळ तालुक्यातील आमच्या गावात २०२४ च्या पावसाळ्यात एक संस्था आली आणि शिलाई प्रशिक्षणाच्या नावाखाली महिलांकडून पैसे व कागदपत्रे गोळा करून दिवाळीच्या आधी निघून गेली. मी गावातील महिला ग्रामसंघाची, म्हणजे बचत गटांच्या गावपातळीवरच्या संघाची, सचिव आहे आणि फसवल्या गेलेल्यांत माझेही नाव आहे. पोलिसांत तक्रार दिलेली असल्यामुळे त्या संस्थेचे आणि माणसांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, कारण नाव बदलून हीच पद्धत दुसऱ्या गावात वापरली जाईल अशी मला भीती वाटते.

आमच्याकडच्या महिलांची मजुरी बहुतांशी द्राक्षबागांवर चालते. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी आणि डिपिंगची, म्हणजे द्राक्षघड द्रावणात बुडवण्याची, कामे असतात, उन्हाळ्यात बेदाण्याची निवड असते. भर पावसाळ्यात मात्र हाताला काम नसते आणि घरखर्च उधारीवर येतो. ज्यांना स्वतःची जमीन नाही, ज्या विधवा किंवा परित्यक्ता आहेत, त्यांना घरी बसून करता येईल असे काम नेमके याच दिवसांत हवे असते. ती माणसे आषाढात आली, हा योगायोग होता असे मला वाटत नाही.

समाजमंदिरात फलक लागला, नारळ फुटला, सरपंच, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना व्यासपीठावर बसवून फोटो काढले गेले. हेच फोटो पुढच्या गावात ‘ग्रामपंचायतीच्या सहकार्याने चालू असलेले केंद्र’ म्हणून दाखवले गेले, हे आम्हाला नंतर तिथल्या बचत गटाकडून समजले. तीन महिन्यांचे मोफत प्रशिक्षण, शेवटी शासनमान्य प्रमाणपत्र, नव्वद टक्के अनुदानावर शिलाई मशीन आणि त्यानंतर शाळेच्या गणवेशांची कायमची ऑर्डर, असे आश्वासन होते. अर्जासाठी ५०० रुपये आणि मशीनचा दहा टक्के लाभार्थी हिस्सा म्हणून १,२०० रुपये, असे प्रत्येकीकडून १,७०० रुपये घेतले गेले. काहींनी रोख दिले, काहींनी मुलाच्या फोनवरून ऑनलाइन पाठवले.

गावातल्या शिकलेल्या मंडळींनीही या बोलण्यावर विश्वास ठेवला, कारण त्यातला प्रत्येक तुकडा कुठेतरी खरा होता. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून ग्रामीण महिलांना अनुदानावर शिलाई मशीन मिळाल्याचे आम्ही पाहिलेले आहे, आणि ‘लाभार्थी हिस्सा’ हे शब्द त्याच अर्जांमुळे आमच्या कानावर बसलेले आहेत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात शाळांचे मोफत गणवेश महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला होता आणि त्याची चर्चा त्या वेळी गावोगावी चालू होती. पुढे ती व्यवस्था बदलून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. केंद्र शासनाची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यातील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. या खऱ्या गोष्टींची नावे घेऊन त्यांनी आपले खोटे त्यांच्या मधोमध बसवले.

पहिले काही आठवडे शिकवणे खरोखर चांगले चालले, आणि हे मुद्दाम लिहिले पाहिजे, कारण त्यामुळेच शंका घेणाऱ्या महिलाही पुढे पैसे भरायला तयार झाल्या. शिकवायला शेजारच्या तालुक्यातील एक ताई येत असत. त्या आधी वर्तमानपत्राच्या कागदावर बेबी फ्रॉकचे कटिंग करून घेत, चूक झाली की कागदच फेकायचा, कापड वाया जात नाही, असे समजावत. मग पायमशीनवर सरळ शिलाई, काजे-बटण, साधा ब्लाउज, आणि ज्यांचा हात बसला त्यांना अस्तराचा ब्लाउज. बॉबिन भरताना दोरा गुंतला तर त्या रागावत नसत. त्यांनाही त्या संस्थेने एकाही महिन्याचे मानधन दिले नाही, आणि आमच्या तक्रारीवर त्यांनीही सही केलेली आहे.

माझ्या शेजारी बसून शिकणारी एक बाई बेदाणा निवडायला जाते. तिच्याकडे लाभार्थी हिस्सा भरायला पैसे नव्हते, म्हणून तिने बागायतदाराकडून डिपिंगच्या कामाची उचल घेतली आणि ते पैसे भरले. हंगाम सुरू झाल्यावर ती उचल फिटेपर्यंत तिने मजुरी न घेता काम केले. रक्कम मोठी नव्हती म्हणून झालेला त्रास लहान, असे कोणी म्हणू नये. ज्या घरात महिन्याच्या शेवटी किराणा उधार येतो, तिथे १,७०० रुपये किती मोठे असतात, हे तिने मला न बोलता दाखवले.

दसऱ्याच्या सुमारास मशीन ‘सर्व्हिसिंगला’ न्यायची आहेत असे सांगून टेम्पो आला. त्याच दिवशी सर्वांना प्रमाणपत्रे वाटली गेली आणि मशीन पंधरा दिवसांत घरपोच येईल असे सांगितले गेले. मशीन आले नाही. फोन आधी वाजत राहिला, नंतर बंद झाला.

मग आम्ही कागद एकेक करून पाहिले. पावतीवर ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असा शिक्का होता आणि त्याखाली एक क्रमांक. तो उद्यम नोंदणीचा क्रमांक निघाला. उद्यम नोंदणी कोणत्याही लहान व्यावसायिकाला आधारच्या आधारे घरबसल्या, विनाशुल्क करता येते. ती त्या व्यवसायाची नोंद असते, त्याच्या प्रशिक्षणाला शासनाने दिलेली मान्यता नसते. संकेतस्थळावर तो क्रमांक तपासला तेव्हा तो एका व्यक्तीच्या किरकोळ विक्रीच्या व्यवसायाचा असल्याचे दिसले. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड छापलेला होता, पण तो स्कॅन केल्यावर त्याच प्रमाणपत्राचा फोटो उघडत होता, कोणत्याही शासकीय संकेतस्थळावरची नोंद नव्हे. ऑनलाइन पाठवलेले पैसे संस्थेच्या खात्यात गेलेच नव्हते. पैसे स्वीकारणाऱ्याच्या जागी एका माणसाचे नाव येत होते. ज्यांनी असे पैसे भरले त्यांच्याकडे निदान व्यवहाराचा पुरावा राहिला, आणि रोख देणाऱ्यांकडे फक्त ती शिक्क्याची पावती. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, परंतु तिथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक असते. आम्हाला फसवणूक समजेपर्यंत ते पैसे केव्हाच काढून घेतले गेले होते.

पैशांपेक्षा मला अधिक काळजी कागदपत्रांची वाटते. आधारची प्रत, बँक पासबुकाची प्रत, फोटो आणि कोऱ्या अर्जावर सह्या, हे सगळे त्यांच्याकडे आहे. हे समजल्यानंतर ग्रामसंघाने महिलांना एकत्र बसवून काही कामे करून घेतली. संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत ते पाहता येते. एका महिलेच्या नावावर तिला माहीत नसलेला क्रमांक निघाला आणि तो बंद करण्याची विनंती तिथूनच पाठवली. आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, म्हणजे बोटांचे ठसे वापरून दुसऱ्या कोणाला आपले आधार वापरता येऊ नये. क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो मागवून आपल्या नावे कोणी कर्ज उचललेले नाही ना, हे पाहिले. ज्यांनी अशी कागदपत्रे कुणाला दिली असतील त्यांनी पैसे परत मिळण्याची वाट न पाहता हे आधी करावे. यापुढे आधारची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवे लिहून सही करावी, आणि कोऱ्या कागदावर सही कोणी कितीही घाई केली तरी करू नये.

शुल्क मागितले म्हणजे फसवणूक, असे मी म्हणणार नाही. तालुक्याच्या गावी शिवणक्लास चालवणाऱ्या कितीतरी महिला फी घेतात, ती उघडपणे सांगतात आणि प्रामाणिकपणे शिकवतात. धोका तिथे आहे, जिथे प्रशिक्षण मोफत असल्याचे सांगून पुढे मिळणाऱ्या वस्तूसाठी आज पैसे मागितले जातात. खऱ्या योजनांत पैशांची दिशा उलटी असते. पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन महिलेला मिळते आणि साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर दिले जाते. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते, त्यामुळे अर्ज गेला की नाही हे गावातच विचारता येते. मोफत शिलाई मशीन वाटणारी पंतप्रधानांच्या नावाची वेगळी योजना असल्याचे संदेश मोबाइलवर फिरतात, ते खोटे असल्याचे केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने सांगितलेले आहे.

आपल्या सांगली जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे आणि तिच्यामार्फत स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था चालते. अशा संस्थांत ग्रामीण गरीब कुटुंबांतील महिलांना प्रशिक्षण, जेवण आणि राहण्याची सोय विनामूल्य असते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा केला जातो. मशीन फुकट मिळेल असे तिथे कोणी सांगत नाही. बँकेच्या कर्जाचा अर्ज कसा करायचा ते शिकवले जाते. आश्वासन लहान असल्यामुळे आमच्या महिलांना ते आधी आकर्षक वाटले नव्हते. या अनुभवानंतर मात्र पंचायत समितीतील उमेद (बचत गटांसाठीच्या राज्य शासनाच्या) अभियानाच्या कक्षामार्फत काही जणींनी तिथे नावे दिली, आणि आधीच कटिंग शिकलेल्या असल्यामुळे त्यांचा हात तिथे पटकन बसला. बेदाणा निवडणारी ती बाई त्यांच्यात आहे.

फसवणुकीचे प्रकार १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतात. आमचा तक्रार अर्ज आधी एकाच महिलेच्या नावाने होता. नंतर सर्वांनी स्वतंत्र जबाब, पावतीची प्रत आणि व्यवहाराचा तपशील जोडून तो पुन्हा दिला, तेव्हा त्याची दखल अधिक गांभीर्याने घेतली गेली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का आणि तारीख घेणे विसरू नये. कवठेमहांकाळ, जत, तासगाव किंवा मिरज तालुक्याच्या पूर्व भागात कोणाकडे २०२४ मधील, उद्यम क्रमांकाचा शिक्का असलेल्या आणि ‘लाभार्थी हिस्सा’ असे लिहिलेल्या शिलाई प्रशिक्षणाच्या पावत्या असतील, तर त्यांनी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी आणि आपल्या प्रभाग संघालाही (अनेक गावांच्या ग्रामसंघांच्या संघाला) कळवावे, म्हणजे वेगवेगळ्या गावांतील तक्रारी एकाच माणसांविरुद्ध आहेत हे तपासात पुढे येईल.