पाळणाघरासाठी सेफ्टी सॉफ्टवेअर विकायला कोणी आलं तर आधी हे वाचा

पाळणाघर, डे-केअर, प्ले ग्रुप चालवणाऱ्यांसाठी लिहितेय. 'चाइल्ड सेफ्टी कम्प्लायन्स सॉफ्टवेअर' नावाचा एक प्रकार सध्या गळ्यात मारला जातोय, आमच्या कल्याण-डोंबिवली पट्ट्यात तर मी स्वतः भोगलाय. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरचं प्रकरण झालं आणि इकडच्या प्रत्येक आईबापाच्या पोटात गोळा आला, साहजिकच आहे. रोज कोणी ना कोणी विचारायचं, कॅमेरे कुठे कुठे आहेत, मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, पोरीला शी-शूला कोण नेतं. या लोकांनी त्याच भीतीवर दुकान मांडलं.

सेल्सवाला आला तो 21 ऑगस्ट 2024 चा जीआर चक्क लॅमिनेट करून घेऊन आला. "मॅडम, महिन्याभराची मुदत आहे, नंतर सील." जीआर खरा आहे बरं का, पण तो शाळांसाठी आहे, त्यात सीसीटीव्ही, स्टाफची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) हे सगळं आहे, अमुक सॉफ्टवेअर घ्या असं कुठेही नाही. तो मात्र पानावर बोट ठेवून असा काही बोलत होता की जणू शिक्षण खात्यानेच पाठवलाय. पॅकेज दोन वर्षांचं, 35 हजार अधिक 18 टक्के जीएसटी म्हणजे 41,300, 'सोप्या हप्त्यात'. मोबाईलवर ओटीपी आला, तो त्याने मागून घेतला, म्हणे अकाउंट अ‍ॅक्टिव्हेशनचा आहे. तो ओटीपी कर्जाचा होता. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर लोन काढून सगळी रक्कम त्यांना एकरकमी दिली आणि हप्ते माझ्या खात्यातून सुरू झाले.

मिळालं काय तर एक डॅशबोर्ड, सगळीकडे हिरव्या टिका, आणि भिंतीवर लावायला फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, वर सरकारी वाटेल असा शिक्का नि खाली क्यूआर कोड. तो स्कॅन केला की त्यांचीच वेबसाइट उघडते आणि सांगते की हे सर्टिफिकेट खरं आहे. वा!

पहिली गडबड दिसली ती मॉक ड्रिलच्या नोंदीत. दर महिन्याच्या 1 तारखेला 'फायर ड्रिल पूर्ण' अशी नोंद आपोआप पडत होती, मुलांच्या हजेरीसकट. त्यात 1 नोव्हेंबर 2024 पण होता. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, सेंटरला कुलूप, आणि यांच्या रेकॉर्डवर पोरं रांगेत जिन्याने खाली उतरलेली! उद्या खरंच काही झालं आणि पोलिसांनी हे रजिस्टर मागितलं तर खोटी नोंद माझ्या नावावर, कंपनी वर करणार हात.

त्याहून भयंकर प्रकार 'इन्सिडेंट रिपोर्ट' बटणाचा. सांगितलं होतं की हे दाबलं की रिपोर्ट थेट ऑथॉरिटीला जातो. एका पोराने दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावलं (डे-केअरवाल्यांना हे नवीन नाही), तेव्हा रीतसर नोंद राहावी म्हणून मी ते भरलं. दोन दिवसांनी त्याच सेल्सवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप, "मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये काय प्रॉब्लेम येतोय?" म्हणजे ऑथॉरिटी म्हणजे हा! चावण्याचं ठीक आहे, पण एखाद्या बाईने अत्याचाराची तक्रार त्या बटणावर टाकली आणि कळवलं म्हणून गप्प बसली तर? पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे कळवायचं ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाचालकाने कळवला नाही तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. बटण दाबलं होतं हो, हे कोर्टात कोण ऐकणार.

मग एका मुलीचे बाबा, स्वतः वकील, त्यांनी मावशींच्या व्हेरिफिकेशनचा कागद बघायला मागितला. मी डॅशबोर्डवरची पीडीएफ काढून दिली, त्यांनी एका मिनिटात परत दिली. ना पोलीस स्टेशनचं नाव, ना अर्ज क्रमांक, ना सही. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, दिलेल्या कागदपत्रांवरून ओळख तपासली आहे. म्हणजे आधार कार्ड बघितलं, संपलं. पॉक्सो नियम 2020 मध्ये पाळणाघरांचं नाव घेऊन लिहिलंय की स्टाफची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करायची, आणि ती पोलिसच करतात, कुठलीही कंपनी 48 तासांत ऑफिसात बसून करू शकत नाही. शेवटी महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर मीच अर्ज भरले. पोलीस स्टेशनमधून फोन आला, मावशींना कागद घेऊन बोलावलं, त्या बिचाऱ्या हळदीकुंकवाला जावं तशा ठेवणीतली साडी नेसून गेल्या. खरी पडताळणी अशी असते, माणूस समोर उभा करून.

पैसे परत मागितले तर त्यांनी अकाउंटच लॉक केलं. आत मुलांचे फोटो, जन्मतारखा, पालकांचे नंबर, आणि मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची फोटोसकट यादी. ती यादी परक्याच्या हातात आहे या विचाराने आजही झोप उडते. मी सगळ्या पालकांना मीटिंग घेऊन सांगितलं, दोन जण चिडून मुलं काढून घेऊन गेले, त्यांना मी काय बोलणार. पिकअपची यादी रद्द केली, आता फाटकाशी साधं रजिस्टर आहे आणि पालकांचा फोन आल्याशिवाय पोर बाहेर जात नाही.

अ‍ॅप वापरूच नका असं नाही म्हणत मी. हजेरी, औषधाच्या वेळा, फीचे मेसेज याला अ‍ॅप बरं पडतं. पण पैसे देण्याआधी बिलावरचा जीएसटी नंबर सरकारच्या जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे. यांचा नंबर तिथे 'कॅन्सल्ड' दाखवतो आणि तरी 6,300 रुपये जीएसटी म्हणून माझ्याकडून घेतले. हप्ता म्हणाले तर कोणत्या बँकेचा, कोणाच्या नावाचा ते लेखी मागा. डेटा परत कसा मिळणार, डिलीट कसा होणार हेही लेखी. आणि 'शासनमान्य' म्हणाले तर मान्यतेचा आदेश क्रमांक मागा, तिथेच बोबडी वळते.

1930 वर फोन करून सायबर पोर्टलवर तक्रार टाकलीय, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण. फायनान्स कंपनीचं उत्तर एकच, तुमचं त्यांचं काय ते तुम्ही बघा, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. त्यामुळे हप्ते चालूच आहेत.

आणि कहर म्हणजे एप्रिल 2025 मध्ये शिक्षण खात्याने खासगी पूर्वप्राथमिकवाल्यांना नोंदणी करायला सांगितली, त्यानंतर मला परत फोन आला, कंपनीचं नाव वेगळं, आवाज तोच. "मॅडम, आमच्याकडून केलंत तर आठ दिवसांत रजिस्ट्रेशन नंबर." ती नोंदणी खात्याच्या स्वतःच्या पोर्टलवर होते, मी तिथेच केली. फोन रेकॉर्ड केलाय, तक्रारीला जोडलाय.