नारदभक्तिसूत्रांची प्रवचनमाला : अकरा संध्याकाळी

आधी कामाचं सांगते. प्रवचनमाला ११ दिवसांची, रोज संध्याकाळी साडेपाच ते सात. देणगीमूल्य ३०० रुपये, त्यात सूत्रांची पुस्तिका आणि रोजचा चहा. जागा साताऱ्यातल्या एका जुन्या वाड्याचा तळमजला. विषय नारदभक्तिसूत्रं, म्हणजे प्रेम म्हणजे नेमकं काय, हे ८४ छोट्या छोट्या सूत्रांत. आयोजक पुन्हा चातुर्मासात एक माला ठेवणार आहेत, तेव्हा जावं की नाही असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

मी ब्लाउज शिवते. ३१ वर्षं झाली, घरातल्या पुढच्या खोलीत मशीन आहे. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. बोलायला गेले की एकच शब्द येतो, ‘हां’. भूक लागली तरी ‘हां’, नको असलं तरी ‘हां’, मुलाचा फोन आला तरी ‘हां’. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दीड तास मी बसते त्यांच्याजवळ, तुम्ही जाऊन या. म्हणून जाणं झालं.

प्रवचन करणाऱ्या बाई संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. पेटी नाही, टाळ नाही, मधे मधे हसवणं नाही. सूत्र म्हणायचं, पदं सुटी करायची, अर्थ सांगायचा आणि मग ‘विचारा’ म्हणून चष्मा काढून बसायचं. कुणी काही विचारेपर्यंत खरंच थांबायच्या. पहिल्या दिवशी दुसऱ्याच सूत्रावर अर्धा तास गेला. काही प्रतींत ‘सा त्वस्मिन् परमप्रेमरूपा’ आहे, काहींत ‘सा कस्मै परमप्रेमरूपा’. एकात ‘याच्या ठायी’, म्हणजे देवाच्या ठायी, असं बोट दाखवलं आहे. दुसऱ्यात नुसतं ‘कुणाच्या तरी ठायी’. लोक चुळबुळ करत होते, पण मला ते आवडलं. अर्ध्या इंचाने गळा कुठल्या कुठे जातो हे मला माहीत आहे.

दुसरा आणि तिसरा दिवस मतामतांचा. व्यास म्हणतात पूजेत गोडी वाटणं म्हणजे भक्ती, गर्ग म्हणतात कथेत, शांडिल्यांचं आणखी वेगळं. नारदांचं मत असं की सगळं करणं-सवरणं त्याला वाहिलेलं असावं आणि त्याचा विसर पडला तर जीव कासावीस व्हावा. हे दोन दिवस थोडे कोरडे गेले. ज्यांना संस्कृतची सवय नाही त्यांनी कंटाळून सोडू नये, कारण चौथा दिवस पुढे आहे.

चौथ्या दिवशी गोपी आल्या. नारद उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घेतात आणि लगेच सांगतात की या प्रेमात आणि चोरट्या प्रेमात फरक काय. चोरट्या प्रेमात ‘तत्सुखसुखित्व’ नसतं. बाईंनी फळ्यावर शब्द फोडून लिहिला. तत्, त्याचं. सुख. आणि त्या सुखाने आपण सुखी होणं. समोरच्याच्या सुखाने आपल्याला सुख होतं का, एवढीच कसोटी.

आणि मग त्याच्या शेजारी बाईंनी बृहदारण्यक उपनिषदातलं याज्ञवल्क्यांचं वाक्य लिहिलं. याज्ञवल्क्य घर सोडून निघालेले, दोन बायकांमध्ये वाटणी करायची म्हणतात, आणि मैत्रेयी विचारते की या धनाने मी अमर होईन का. तेव्हा ते तिला सांगतात की पतीसाठी पती प्रिय नसतो, आत्म्यासाठी पती प्रिय असतो. बायकोचं तसंच, मुलांचं तसंच, धनाचं तसंच.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो रागाचा होता. एका बाजूला नारद म्हणतात त्याच्या सुखात सुख, दुसऱ्या बाजूला हे म्हणतात की सगळं शेवटी स्वतःसाठी. शिवाय मैत्रेयीला ज्ञान मिळालं, दुसऱ्या बायकोचं, कात्यायनीचं काय झालं? ती मागे राहिली, घर तिच्याच गळ्यात पडलं असणार. मी हात वर करून हे दोन्ही विचारलं. बाईंनी कात्यायनीबद्दल उगाच काही जोडून सांगितलं नाही. उपनिषदात तिच्याबद्दल फार नाही, म्हणाल्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट दिलं. इथे आत्मा म्हणजे ‘मी, माझं पोट, माझा मान’ हा नव्हे, जो तुमच्यात आहे आणि त्यांच्यातही आहे तो. त्या अर्थाने घेतलं तर दोन्ही वाक्यं एकमेकांना छेदत नाहीत. मला डोक्याने पटलं, आतून नाही. तसंच सांगितलं. बाई म्हणाल्या, राहू दे तसंच, घाई नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. रोज सकाळी दहाला मी ह्यांना ओट्यावरून आत ओढत आणते, कारण दहा ही व्यायामाची वेळ. आणि ह्यांना त्याच वेळी ओट्यावर बसायचं असतं. आमच्या रस्त्याने एसटी जाते. गाडी आली की ह्यांचा डावा हात मांडीवर गिअर टाकल्यासारखा हलतो. मी ते चार वर्षं बघत होते आणि तरी खुर्ची फिरवत होते. त्यांचं बरं व्हावं म्हणूनच ना, असं मी स्वतःला सांगायचे. पण खरं सांगायचं तर, मी किती वेळेवर सगळं करते हे लोकांनी बघावं असंही त्यात होतं. कुणी ‘वहिनी, तुम्ही आहात म्हणून’ असं म्हटलं की मला बरं वाटायचं. ते माझं सुख होतं, त्यांचं नव्हे. दुसऱ्या दिवसापासून व्यायाम चारला केला. व्यायाम चुकवत नाही, वेळ बदलली. दहाला ते ओट्यावर असतात आणि मी मशीन दाराजवळ ओढून घेतलं आहे.

सातव्या दिवसासाठी तरी ही माला करावी असं माझं मत आहे. ५१वं सूत्र, ‘अनिर्वचनीयं प्रेमस्वरूपम्’, प्रेमाचं रूप शब्दांत सांगता येत नाही. ५२वं, ‘मूकास्वादनवत्’, मुक्याने चाखल्यासारखं. पुढे बसलेले एक काका म्हणाले, बरोबर आहे, मुक्याने गूळ खाल्ला तर तो काय सांगणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवेना. मी उभी राहिले.

म्हटलं, बाई, मुक्याला सांगता येत नाही असं नाही. मी रविवारी ह्यांना केळं घालून शिरा करते. पहिला घास गेला की ते डोळे मिटतात. वेलची कमी पडली असेल तर मिटत नाहीत, ताटलीकडे बघतात. गोड जास्त झालं तर डाव्या हाताचं बोट ताटलीच्या काठावर दोनदा वाजवतात. आणि मनासारखा झाला तर दुसरा घास माझ्याकडे ढकलतात, मी खाल्ल्याशिवाय तिसरा घेत नाहीत. हे सगळं सांगणंच आहे. ऐकणाऱ्याला यायला पाहिजे.

सभागृहात कुणी बोललं नाही. बाईंनी चष्मा लावला आणि पुढचं सूत्र वाचलं, ५३वं. ‘प्रकाशते क्वापि पात्रे’. कुठेतरी, एखाद्या योग्य पात्रात ते उजळतं. म्हणाल्या, मी ४० वर्षं ही दोन सूत्रं ओळीने शिकवत आले, पण दुसरं पहिल्याला उत्तर आहे असं आज वाटलं. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शिकवणारं माणूस आपल्यासमोर शिकतं आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

नववा दिवस मात्र फसला. एका दीड तासात सगळे धर्म. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला १३वा अध्याय, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे. मग बसऱ्याची सूफी संत राबिया, आठव्या शतकातली, जी नरकाच्या भीतीने किंवा स्वर्गाच्या लोभाने देवावर प्रेम करायला तयार नव्हती. मग बौद्धांचं मेत्तसुत्त, ज्यात आई एकुलत्या एक लेकराला जिवापलीकडे जपते तसं मन सगळ्या प्राणिमात्रांसाठी करावं असं आहे. एकेकाला एकेक संध्याकाळ हवी होती. राबियाला दहा मिनिटं मिळाली, आणि नेमकी तीच नारदांच्या सर्वांत जवळची होती. सूत्रात प्रेमाला ‘कामनारहित’ म्हटलंय, ते तिनं जगून दाखवलं. तो धागा बाईंनी जोडायला हवा होता.

दहाव्या दिवशी ८२वं सूत्र, प्रेम एकच पण ११ तऱ्हांनी दिसतं. गुण, रूप, पूजा, स्मरण, दास्य, सख्य, कांता, वात्सल्य, आत्मनिवेदन, तन्मयता आणि परमविरह. इथे बाई म्हणाल्या की माणसामाणसांतलं प्रेम ही पहिली पायरी, ती चढून मागे टाकायची. इथे माझं त्यांच्याशी जमलं नाही आणि अजूनही जमत नाही. नारदांनी चार नावं घरातूनच उचलली आहेत ना? चाकर, मित्र, नवरा-बायको, आई. पायरी मागे टाकायची असती तर देवावरच्या प्रेमाला तिचं नाव कशाला दिलं असतं?

बाईंनी शेवटच्या दिवशी त्याचं उत्तर दिलं, पण वाद घालून नाही. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातलं शिवशक्तीचं पहिलं प्रकरण काढलं. दोन फुलांचा एकच वास, दोन दिव्यांचा एकच उजेड, दोन ओठांतून एकच शब्द, दोन डोळ्यांची एकच नजर. याज्ञवल्क्यांचं वाक्य मला तेव्हा थोडं उतरलं. आणि मग एक ओवी, जिचा अर्थ असा की घरात दोघंच आहेत, आणि स्वामी झोपी गेला की दोघांचं दांपत्य स्वामिनी एकटी जागी राहून सांभाळते. पिसे लागल्यासारखी मी ती ओवी पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून घेतली. घरी येऊन ह्यांना वाचून दाखवली. ते ‘हां’ म्हणाले, आणि हात पुढे केला, परत वाच म्हणून.

आता त्रुटी. पुस्तिकेतली संस्कृत अक्षरं फार बारीक, साठीच्या पुढच्या श्रोत्यांसाठी हे बरं नाही. बाईंचा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो आणि माईक लांब ठेवलेला असतो, त्यामुळे मागच्या तीन रांगांना अर्धंच कळतं. पुढे बसायचं तर पाच वाजता पोचा. खुर्च्या ३० च्या आसपास, बाकी सतरंजी. चहा छान, आलं घातलेला.

आणि त्या दारातल्या दोन पायऱ्या. वीतभर उंच आहेत, कठडा नाही. चाकाची खुर्ची चढत नाही, म्हणून ह्यांना एकाही दिवशी आणता आलं नाही. प्रेमावरच्या ११ संध्याकाळी आणि ज्यांना कुणीतरी ढकलत आणावं लागतं त्यांना दार नाही, हे मला शेवटपर्यंत टोचलं. मी आयोजकांना लेखी दिलं. फळी टाकायला हरकत नाही, पण फळी नाही आमच्याकडे, म्हणाले. माझ्या जुन्या कटिंग टेबलाची साडेसहा फुटी सागवानी फळी माळ्यावर पडून आहे. मुलगा दिवाळीआधी येणार नाही, म्हणून वहिनींच्या मुलाला सांगितलंय. रविवारी तो ती खाली काढून देणार आहे.