एमओटी लागत नाही म्हणे!

मे २०२५ मध्ये एका रविवारी दुपारी मी ८,५०० पौंड पाण्यात घातले. जुन्या गाड्यांचं वेड असलेलं कुणी अशाच जाहिरातीवर भाळून निघायच्या तयारीत असेल, तर आधी हे वाचा.

गाडी होती जॅग्वार एक्सजे६, सीरिज ३, ४.२ लिटर, नोव्हेंबर १९८४ची. गडद हिरवा रंग, आत बिस्किटी चामडं, डॅशबोर्डवर अक्रोडाचं लाकूड. ही गाडी इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात बनायची आणि मी राहतो कोव्हेंट्रीतच. २००८मध्ये टाटांनी जॅग्वार घेतली, तेव्हापासून पुण्याहून इकडे येणाऱ्यांची रीघ लागली, त्यातलाच एक. जाहिरातीत लिहिलं होतं, 'दिवंगत वडिलांची गाडी, अतिशय निगुतीने सांभाळलेली.' फोटोत नंबरप्लेटवर भांडी पुसायचं फडकं टाकलेलं. मला वाटलं, म्हातारा माणूस, काळजी घेतोय.

विकणारा साठीचा, मृदू बोलणारा. आधी चहा, मग फाइल. फाइल चांगली चार बोटं जाड. मी वरची सात-आठ बिलं चाळली आणि भारावलो. घरी आल्यावर कळलं की मोठी कामं सगळी २००९पर्यंतची, नंतर फक्त ऑइल आणि वायपर. एमओटीचं, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचं विचारलं, तर तो हसून म्हणाला, "चाळीस वर्षं झाली की ती लागतच नाही. टॅक्सही शून्य."

हे खरं आहे, आणि गोम तिथेच आहे. मे २०१८पासून इथे चाळिशी ओलांडलेल्या गाडीला, तिच्यात मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीतून सूट मिळते. पण गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असण्याची जबाबदारी मालकावरच राहते. सूट म्हणजे सरकारने दिलेलं शिफारसपत्र, असं मी धरून चाललो.

आपल्याकडे जुनी फियाट घ्यायची तरी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचे. मी जॅग्वार घ्यायला बायकोला घेऊन गेलो. तरी ती म्हणाली, "अरे, डिकीत रॉकेलच्या दुकानासारखा वास येतोय." या गाडीला मागच्या दोन्ही मडगार्डांच्या आत एकेक पेट्रोलची टाकी असते आणि कुठली वापरायची त्याचं बटण डॅशबोर्डवर. बटण डाव्या टाकीवर होतं. उजवी म्हणे "वजन कमी राहावं म्हणून रिकामी ठेवलीय". मी मान डोलावली! इंजिन एका फटक्यात सुरू झालं, कारण आम्ही पोचायच्या आधीच ते गरम करून ठेवलेलं होतं. बॉनेटवर हात ठेवला असता तर कळलं असतं.

गाडीच्या कागदावर नाव एका बाईचं होतं. "आई." पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपने नाव जुळत नसल्याचा इशारा दिला. "बहिणीचं खातं." एका दुपारी अख्खं कुटुंब भेटलं, फक्त माणूस एकच दिसला.

तिसऱ्या दिवशी उजव्या टाकीत दहा लिटर पेट्रोल भरलं आणि सकाळी गॅरेजच्या फरशीवर डबकं. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली. खालून सगळं काळंकुळीत, नवंकोरं अंडरसील, म्हणजे गंज लागू नये म्हणून फासतात तो थर. मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, सस्पेन्शनचा दांडा जिथे बॉडीला जोडतात तिथे त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावलाच नाही. काळा थर पापडासारखा मोडला आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. खाली पडलेला भुगा त्याने माझ्या तळहातावर ठेवला: गंज, भोकं बुजवायचं फिलर आणि वर्तमानपत्राचा एक कपटा. मागचे ब्रेकही संपलेले. या गाडीत मागच्या डिस्क चाकापाशी नसतात, आत डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या पेटीला लागून असतात, म्हणजे अख्खा सांगाडा खाली उतरवा. सगळ्याचा अंदाज ६,००० पौंडांच्या वर.

तेव्हा कुठे मी सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. सप्टेंबर २०२४मध्ये गाडी एमओटीत नापास झाली होती, कारण नेमकं तेच, मागच्या उजव्या सस्पेन्शनच्या जागी अतोनात गंज. नोव्हेंबरमध्ये तिला चाळीस पूर्ण झाली. म्हणजे पठ्ठ्याने वेल्डिंग केलं नाही, दोन महिने थांबला. नंबरप्लेटवरच्या फडक्याचं कोडंही तेव्हाच सुटलं.

गाडी धंदेवाल्याकडून घेतली असती तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने तीस दिवसांत परत करता आली असती. खासगी माणसाकडून घेतली की हा हक्क नाही; दिलेली माहिती खोटी होती, हे तुम्ही सिद्ध करायचं. त्याने गंजाबद्दल लिहून काहीच दिलं नव्हतं. पण महिन्याभरात त्याच हिरव्या दारासमोर उभ्या असलेल्या एका जुन्या रोव्हरची जाहिरात दिसली. तीही दिवंगत वडिलांचीच. धंदा करून खासगी विक्रेत्याचं सोंग आणणं इथे बेकायदा आहे, म्हणून दोन्ही जाहिरातींची चित्रं काढून ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या इथल्या सरकारी खात्याकडे, तक्रार पोचवली.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात इथे १०,००० पौंडांपर्यंत दाद मागता येते. त्याआधीची नोटीस मी रजिस्टर पोस्टाने हिरव्या दाराच्या पत्त्यावर धाडली. ती परत आली आहे. पाकिटावर पोस्टाचा शेरा, या नावाचं इथे कुणी राहत नाही. आता कागदावरच्या त्या 'आई'चा शोध चालू आहे.