ऑफिसच्या सामायिक फोल्डरला कचरापेटी: आठ महिन्यांनंतर

म्हापशातलं आमचं ऑफिस पाच जणांचं, काम जमिनीच्या मोजणीचं आणि प्लॅनचं. सगळ्या फाइली एका जुन्या पीसीवर. त्यावर लिनक्स, आणि त्यातले फोल्डर बाकीच्या विंडोज पीसींना नेटवर्कवर दाखवणारा सांबा हा प्रोग्राम. चवथीच्या आदल्या आठवड्यात शिवोलीच्या एका प्लॉटचा अख्खा फोल्डर दिसेनासा झाला, एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यांसकट. रिसायकल बिन रिकामी. असणार तरी कसं? नेटवर्कवरची फाइल पुसली की विंडोज ती बिनमध्ये टाकत नाही, थेट उडवते. कायमची पुसू का, असं विचारते खरी, पण तोवर एंटर दाबून झालेलं असतं.

घाईत आधी स्टिकी बिट लावला: ज्याची फाइल, त्यालाच पुसता येईल. दुसऱ्याच दिवशी बोंब. मी केलेल्या पत्रात ऑफिसातल्या ताईंनी दुरुस्ती केली आणि वर्ड सेव्हच करेना. वर्ड जुन्या फाइलीवर लिहीत नाही; शेजारी तात्पुरती फाइल करतं आणि नाव बदलून तिला जुनीच्या जागी बसवतं. पुसायचा हक्क काढला की सेव्ह करायचाही जातो. दोन दिवसांत बिट काढला. मंजूर प्लॅनचा फोल्डर तेवढा फक्त वाचण्यापुरता ठेवलाय.

मग सांबाचं रिसायकल मॉड्यूल. हे मात्र आवडलं. पुसलेलं सगळं एका लपलेल्या फोल्डरात जातं, कीपट्री हा पर्याय चालू असेल तर मूळ रचनेसकट. पण ही पेटी आपणहून रिकामी होत नाही. साठ दिवसांहून जुन्या फाइली रात्री काढणारी स्क्रिप्ट लिहिली आणि तोंडावर पडलो. स्क्रिप्ट बघत होती फाइल शेवटची कधी बदलली ते, कधी पुसली ते नाही. 2019 सालचा एक नकाशा दुपारी चुकून पुसला गेला, रात्री पेटीतूनही गेला. टच एमटाइम हा पर्याय चालू केल्यावर पुसल्याची वेळ पडू लागली.

चुकीचं लिहून वर सेव्ह केलं, तर ही पेटी कामाची नाही. त्यासाठी बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचे तासातासाचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींच्या प्रती, घेतो. प्रॉपर्टीजमधल्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये दिसतात. तेही त्याच डिस्कवर, म्हणून एक बाहेरची डिस्क शनिवारी माझ्या पिशवीतून घरी जाते.

आणि शिवोलीचा फोल्डर? तो कुणी पुसलाच नव्हता. तीन आठवड्यांनी हणजुण्याच्या फोल्डरच्या पोटात सापडला, माउसने ओढला गेलेला. त्याला कचरापेटी काय करणार! विंडोजमध्ये माउस चार पिक्सेल सरकला की ओढणं सुरू. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदीत, ड्रॅगविड्थ आणि ड्रॅगहाइट सगळ्या पीसींवर 40 केले, लॉगऑफ करून पुन्हा आत. माउस जड झाला म्हणून ताई आठवडाभर कुरकुरल्या. त्यानंतर फोल्डर एकदाच हलला: माझ्या लॅपटॉपवरून, जिथे हा आकडा बदलायचा मीच विसरलो होतो.